पडलेली पोफळ कोणत्या वर्षाच्या तोट्यात धरायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: श्रीवर्धन तालुक्यात 20 गुंठ्यांची माड-पोफळीची, म्हणजे नारळ-सुपारीची वाडी आहे. निसर्ग चक्रीवादळाआधी पोफळी 200 होत्या, वादळानंतर 50 उरल्या. वडिलांनी नेटाने 60 रोपं लावली, बाकीची जागा तशीच पडून आहे. ती लावावी की विकावी? शिवाय, हवामानाच्या धोक्याचा आर्थिक परिणाम ‘अल्पकालीन’ आणि ‘दीर्घकालीन’ असा वेगळा मोजतात, म्हणजे नक्की काय करतात?

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण पहिल्याचं उत्तर देताना दुसऱ्याचं आपोआप येईल. मी बँकेत शेतीकर्जाचं काम केलं, त्यातली बरीचशी वर्षं रायगड-रत्नागिरीत. निसर्गनंतर ज्यांच्या वाड्यांमध्ये मी हिशेबाची वही घेऊन फिरलो, त्यातल्या बहुतेकांचा प्रश्न तुमच्यासारखाच होता. तेव्हा त्यांना दिलेली काही उत्तरं आज मला अपुरी वाटतात, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी अल्पकाळ. 3 जून 2020 च्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला वादळ किनाऱ्यावर आलं. वारा ताशी शंभर किलोमीटरहून जास्त. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, पुढे मंडणगड-दापोली या पट्ट्यात काही तासांत वाड्या आडव्या झाल्या. नुकसान म्हणून पहिल्यांदा जे मोजलं जातं ते डोळ्यांना दिसणारं: उडालेले पत्रे, फुटलेली कौलं, वाकलेले विजेचे खांब, पडलेली झाडं. तलाठी आणि कृषी सहायक येतात, पंचनामा होतो, आकडा वर जातो. फळबागांसाठी शासनाने त्या वेळी मदत वाढवून हेक्टरी 50 हजार रुपये केली. ऐकायला रक्कम बरी वाटते. पण आपल्याकडे वाडी हेक्टरात कोण मोजतो? हेक्टर म्हणजे साधारण 100 गुंठे. म्हणजे गुंठ्याला 500 रुपये, आणि तुमच्या 20 गुंठ्यांना 10 हजार. एवढ्या पैशांत पडलेली खोडं तोडून वाडीबाहेर काढणंही कित्येकांना जमलं नाही. करवतवाले मिळेनात, मिळाले तर मजुरी दुप्पट, आणि पोफळीच्या खोडाला गिऱ्हाईक नाही.

अल्पकालीन हिशेबात एक गंमत आहे, ती लक्षात असू द्या. वादळानंतरच्या महिन्यांत कागदावरची अर्थव्यवस्था कधी कधी वाढलेली दिसते. पत्र्यांना मागणी एवढी आली की भाव चढले, सुतार-गवंड्यांना सवड नव्हती, खांब-तारांची कंत्राटं निघाली. हा सगळा खर्च उत्पन्नाच्या आकडेवारीत अधिक म्हणून येतो. मोडलेली पोफळ मात्र वजा म्हणून कुठेच येत नाही, कारण राष्ट्रीय उत्पन्न हे वर्षभरात काय निर्माण झालं ते सांगतं, हाताशी असलेलं किती गेलं ते सांगत नाही. भात गेलं तर पुढच्या वर्षी पेरता येतं. पोफळ ही भांडवली वस्तू आहे. ती मोडते तेव्हा यंत्र मोडतं, नुसता माल जात नाही.

तर आता त्या यंत्राचा हिशेब करू. आकडे समजण्यापुरते धरतो, तुमचे वेगळे असतील. झाडामागे खर्च वजा जाता वर्षाला 300 रुपये सुटतात असं समजा. 150 झाडं गेली म्हणजे वर्षाला 45 हजार. पंचनाम्याच्या डोक्यात एवढंच असतं, फार तर. पण नव्या पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात आणि भरात यायला आणखी तीनेक. म्हणजे सात वर्षं दरवर्षीचे 45 हजार बुडाले, पुढची तीन वर्षं त्याच्या निम्मे. बेरीज करा: 3 लाख 82 हजार 500. पुढे मिळणारा रुपया आजच्या रुपयापेक्षा हलका, म्हणून 9 टक्के व्याजाने आजच्या किमतीत आणला तरी अडीच लाखांच्या वर जातो. रोपं, खत, शिंपणं यांचा खर्च यात धरलेलाच नाही. एकीकडे 10 हजार, दुसरीकडे अडीच लाख. मदत कमी मिळाली म्हणून मी सरकारला बोल लावत नाही. मोजपट्टीच एका हंगामाची होती, एवढंच दाखवतो आहे.

शिवाय आपली वाडी म्हणजे नुसत्या पोफळी नसतात. पोफळीवर मिरवेल चढलेली, मधे जायफळ, वर माडाचं छप्पर. पोफळ मोडली की मिरी गेली. माडाची सावली गेली की जायफळ होरपळतं, आणि जी पोफळ वाऱ्यातून वाचली तिच्या खोडाला उन्हाचा चट्टा बसून ती दोन-तीन वर्षांनी मोडते. ती मोडेल तेव्हा पंचनामा करायला कोणी येत नाही. निसर्गनंतर दोन वर्षांनी मी एका आगरात गेलो होतो. वादळात तिथली 40 झाडं पडली होती, त्यानंतर उन्हाने आणखी 20 गेली. नोंद फक्त 40 ची.

आता माझ्या क्षेत्राची कबुली. आपत्तीनंतर शेतीकर्जाची फेररचना करायचे रिझर्व्ह बँकेचे जे निर्देश तेव्हा लागू होते, त्यात पिकाचं नुकसान 33 ते 50 टक्के असेल तर परतफेडीला जास्तीत जास्त दोन वर्षं आणि 50 टक्क्यांच्या वर असेल तर जास्तीत जास्त पाच वर्षं, त्यात पहिलं वर्ष हप्ता नाही, अशी तरतूद होती. भातासाठी, भाजीपाल्यासाठी ही मुदत ठीक आहे. पोफळीला मात्र पाच वर्षं म्हणजे झाड धरायच्या आत कर्ज फेडायचं. मग लोकांनी काय केलं? सोनं मोडलं, मुंबईहून मागवलं, किंवा लावणंच सोडून दिलं. कर्ज ‘नियमित’ राहिलं आणि वाडी रिकामी राहिली. बँकेच्या ताळेबंदात त्या वादळाची खूणही सापडणार नाही.

मुंबईहून मागवलं, असं मी सहज लिहून गेलो, पण 2020 मध्ये तेही जमेना. कोकणातल्या घराचा खरा विमा म्हणजे चाकरमानी. वाडीत कमी पिकलं तर गिरगाव-डोंबिवलीतून पैसे येतात, आणि तिकडे नोकरी गेली तर माणूस गावी येऊन वर्षभर तग धरतो. शंभर-दीडशे वर्षं ही व्यवस्था चालली, कारण दोन्हीकडचं संकट एकदम येत नव्हतं. त्या जूनमध्ये टाळेबंदीमुळे चाकरमानी बिनपगारी गावात बसला होता आणि वादळाने गावही मोडलं. हवामानाच्या धोक्याबद्दल अर्थतज्ज्ञांना खरी धास्ती वाटते ती अशा जोडीने येणाऱ्या फटक्यांची. दहा ठिकाणी विखुरलेली जोखीम एका दिवशी एकत्र पडली तर विखुरण्याचा उपयोग संपला.

आता दीर्घकाळ. इथे लोक गोंधळतात, कारण ‘दीर्घकालीन परिणाम’ म्हटलं की 2050 किंवा 2100 सालचं चित्र डोळ्यांपुढे येतं. तसं नाही. दीर्घकालीन धोका आजच्या निर्णयात शिरतो, फक्त किती आयुष्याची वस्तू तुम्ही लावताय त्यावर तो लहान की मोठा हे ठरतं.

असं पाहा. वाडी झोपवणारं वादळ एखाद्या गावी 100 वर्षांतून एकदा येत होतं आणि आता 20 वर्षांतून एकदा येऊ लागलं, असं क्षणभर माना. भात लावणाऱ्याच्या दृष्टीने एका हंगामातला धोका 1 टक्क्यावरून 5 टक्क्यांवर गेला. तो भात लावतच राहील, आणि बरोबरच आहे. पोफळ लावणाऱ्याचं काय? झाडाला पुढची 20 वर्षं वादळ न भेटण्याची शक्यता पहिल्या परिस्थितीत 82 टक्के. दुसऱ्या परिस्थितीत 36 टक्के. मधली, म्हणजे 50 वर्षांतून एकदा, धरली तर 67 टक्के. वादळं तीच, गाव तेच, पण एकाच्या धंद्याला खरचटतं आणि दुसऱ्याचा पायाच हलतो.

हेच पैशांत मांडू. आठव्या वर्षापासून दरवर्षी 1 रुपया देणारं झाड आहे, वादळ येईपर्यंत ते देत राहणार आहे, व्याज 9 टक्के. वादळाची शक्यता वर्षाला 1 टक्का असेल तर त्या झाडाची आजची किंमत साधारण 5 रुपये येते. शक्यता 5 टक्के झाली की साधारण 2 रुपये 60 पैसे. किंमत निम्मी झाली, आणि अजून एकही वादळ आलेलं नाही. तुम्ही विचारलेल्या ‘दीर्घकालीन आर्थिक परिणामा’चं मला माहीत असलेलं सगळ्यात छोटं उदाहरण हेच. नुकसान व्हायला आपत्ती यावीच लागते असं नाही. तिची शक्यता वाढली आणि माणसाला ती पटली, की तो झाड लावत नाही, विहीर खणत नाही, वाडीला कुंपण घालत नाही. पुढच्या तीस वर्षांचं उत्पन्न तिथेच आटतं.

मग ती शक्यता खरोखर 1 वरून 5 वर गेली आहे का? श्रीवर्धनसाठी असा आकडा छातीठोकपणे सांगणाऱ्याकडून सल्ला घेऊ नका. मोठ्या पट्ट्याचं मात्र मोजमाप आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये दाखवलं की अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या 1982 ते 2000 या काळाच्या तुलनेत 2001 ते 2019 या काळात 52 टक्क्यांनी वाढली, आणि ती टिकून राहण्याचा कालावधी 80 टक्क्यांनी. समुद्र तापला हे त्याचं मुख्य कारण. पण ही वादळं ओमान-येमेनकडे जातात, गुजरातकडे जातात, कित्येक समुद्रातच विरतात. 2009 चं फयान, 2020 चं निसर्ग, 2021 चं तौक्ते अशी नावं एका दमात घेऊन ‘आता दरवर्षी’ म्हणणं चूक. तौक्ते तर रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या बाजूने समुद्रातूनच वर गेलं आणि हापूस झाडून गुजरातेत उतरलं. माझं मत विचाराल तर हिशेबासाठी 50 वर्षांतून एकदा धरा आणि 20 वर्षांतून एकदा आलं तरी घर चालेल अशी तयारी ठेवा.

वादळात हरवलेलं उत्पन्न पुढे भरून निघतं का, हा वाद देशांच्या पातळीवरही आहे. पूर्वी समज असा होता की थोडी पडझड, मग पुनर्बांधणी, मग गाडी रुळावर. सॉलोमन सियांग आणि अमीर जिना या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 1950 ते 2008 या काळातली जगभरची सुमारे 6,700 चक्रीवादळं तपासली. त्यांना उलट दिसलं. मोठ्या वादळाचा फटका बसलेल्या देशाचं दरडोई उत्पन्न वीस वर्षांनीही मूळ वाटेवर परतत नाही. सगळ्यात जोरदार दहा टक्क्यांत मोडणारं वादळ असेल तर ते सात टक्क्यांहून जास्त मागे राहतं. हे वाचलं तेव्हा मला ती 40 आणि 20 झाडांची वाडी आठवली. उत्पन्न एका फटक्यात जात नाही. दरवर्षी थोडं थोडं, कोणाच्या लक्षात न येता मागे पडतं.

मग हे सगळं दिसत असूनही बाजाराला का दिसत नाही? कारण पैसा देणारे सगळे छोट्या मुदतीचे आहेत. पीककर्ज वर्षाचं. फळपीक विमा हंगामाचा: तापमान, पाऊस, वाऱ्याचा वेग ठरलेल्या आकड्यापलीकडे गेला की त्या बहराची भरपाई, झाड मेलं तर तो वेगळा विषय. विमा कंपनीला तीस वर्षांची चिंता नाही, कारण धोका वाढला तर पुढच्या वर्षी ती हप्ता वाढवते. 2020 पासून केंद्राने विमा हप्त्यातला आपला वाटा कोरडवाहू भागात 30 टक्के आणि बागायती भागात 25 टक्के हप्ता-दरापुरता मर्यादित केला, त्यापुढचा भार राज्यावर. हप्त्याचे दर किती चढू शकतात याची दिल्लीला कल्पना होती, असा मी त्याचा अर्थ लावतो. बँक ऑफ इंग्लंडचे तेव्हाचे गव्हर्नर मार्क कार्नी यांनी 2015 मध्ये लंडनमधल्या विमा व्यावसायिकांपुढे हेच सांगितलं होतं: हवामानाचा तडाखा बसेल तो आजच्या निर्णयकर्त्यांची मुदत संपल्यावर, म्हणून त्यांना घाई नाही. आपल्या रिझर्व्ह बँकेने 2024 च्या फेब्रुवारीत बँकांनी हवामानाची जोखीम उघड करावी असा मसुदा काढला. शाखेत बसून कर्ज देणाऱ्याच्या टेबलापर्यंत हे पोहोचायला वेळ आहे. त्याची बदली तीन वर्षांत होते, पोफळ सातव्या वर्षी धरते.

व्याजदराबद्दल एक आडवाट, कारण सगळी मेख तिथे आहे. 50 वर्षांनी होणारं 100 रुपयांचं नुकसान आज किती मानायचं? 9 टक्क्यांनी 1 रुपया 34 पैसे. 5 टक्क्यांनी पावणेनऊच्या आसपास. 2006 मध्ये ब्रिटिश सरकारसाठी निकोलस स्टर्न यांनी जो 1.4 टक्क्यांच्या जवळचा दर धरला, त्याने 50 रुपये. जगभरच्या हवामान-अर्थशास्त्रातली निम्मी भांडणं एवढ्यावरच आहेत. माड लावणाऱ्या तुमच्या पणजोबांनी यापैकी कोणताच दर लावला नव्हता, कारण वाडी विकायची असते ही कल्पनाच त्यांना शिवली नसणार. तुम्हाला ती शिवली आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तेव्हा विकण्याबद्दल स्पष्ट बोलतो. तुमच्या भागात वाडीचा भाव सुपारीवर ठरत नाही, तो समुद्र किती पावलांवर आहे यावर ठरतो. घेणाऱ्याला फार्महाऊस किंवा होमस्टे हवं असतं. त्या भावाशी पोफळ कधीच स्पर्धा करू शकणार नाही, वादळ येवो न येवो. म्हणून ‘हवामान बदलामुळे विकतोय’ असं स्वतःला सांगू नका. पैशांची गरज असेल तर विका. गरज नसेल, आणि वडिलांची 60 रोपं फुलोऱ्यावर येत असतील, तर खर्चाचा मोठा भाग होऊन गेलेला आहे आणि उत्पन्न दारात आहे. ती विकायला ही सगळ्यात वाईट वेळ. दिवेआगरपासून श्रीवर्धनपर्यंत ज्यांनी खानावळ आणि दोन खोल्या काढल्या, त्यांच्याकडे पाहुणा येतो तोही वाडीच्या सावलीसाठी. तो उत्पन्नाचा वेगळा स्रोत खरा, पण वाडी आडवी झाली की पाहुणाही थांबतो. वर सांगितलेली जोडीने येणारी जोखीम तीच.

उरलेल्या 90 जागांबद्दल. एकदम लावू नका. 30-30 च्या तीन खेपा करा, दोन-दोन वर्षांच्या अंतराने. निसर्गमध्ये मोडल्या त्या प्रामुख्याने उंच, एका वयाच्या पोफळी. वरून खोड पडलं नाही तिथे कमरेएवढी रोपं बरीच वाचलेली मी पाहिली. वाडीत तीन वयाची झाडं असली तर पुढच्या वादळात सगळं उत्पन्न एकाच दिवशी शून्य होत नाही. त्यासाठी दोन-चार वर्षांचं उत्पन्न उशिरा येईल, तो तुमचा विम्याचा हप्ता समजा. रोपासाठी श्रीवर्धनी रोठा या सुपारीच्या वाणाचं, खात्रीच्या मातृवृक्षाचं बी पाहा, रोप दीड वर्षाचं होईपर्यंत लावायची घाई नको. लावणीआधीच्या वर्षी केळी लावा. सावलीही मिळते आणि वर्ष-सव्वा वर्षात घडही विकता येतो. पोफळीसाठी पाच वर्षांत फेडायचं कर्ज मात्र कोणी दिलं तरी घेऊ नका. रोजगार हमीतून फळबाग लागवडीला मदत मिळते, तालुका कृषी कार्यालयात आधी तिची चौकशी करा. माड लावणार असाल तर दोन बाणवलीच्या (आपल्याकडच्या उंच माडाच्या) जोडीला एखादा लवकर धरणारा संकरित, असं प्रमाण ठेवा.

आणि 90 जागांचा विचार करण्याआधी या दिवाळीच्या सुट्टीत गावी जाऊन त्या 60 पोफळींची खोडं नैऋत्येच्या बाजूने तपासा. माड पडल्यामुळे ती बाजू उघडी असेल. पिवळट-तपकिरी चट्टे दिसले तर तेवढ्या भागावर वाळलेली झावळ गुंडाळून सुंभाने बांधा, नाहीतर चुना लावा. ऑक्टोबर ते जानेवारी या काळातलं कलतं ऊनच त्यांना भाजतं.